यादीबाहेरची बावीस झाडं

खोलीतल्या त्या मोठ्या खुर्चीत इन्साफ शुकैर एकदाही बसली नाही. सहा आठवडे ती खुर्ची तिचीच होती. तसा कागद होता, त्यावर सही होती, सहीवर शिक्का होता. तरी ती आपल्या जुन्याच खुर्चीत बसायची, जिच्या पाठीशी तिनं आईनं विणलेली उशी बांधून ठेवली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्या खुर्चीत पाय जमिनीला टेकत नाहीत माझे." पाय टेकत होते. मी स्वतः पाहिलंय.

खोलीचं खरं नाव फार लांबलचक होतं. संयुक्त संचालन केंद्र वगैरे. सूर शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या शांतिसेनेच्या छावणीत, पांढऱ्या इमारतीच्या मधल्या मजल्यावर ती होती. खिडक्या नाहीत, भिंतभर नकाशा, आणि तीन टेबलं: एक सैनिकांचं, एक पोलिसांचं, एक बिनगणवेशाच्या माणसांचं. सरहद्दीवर कुठे काय हललं, कुणाची शेळी तारेपलीकडे गेली, कुणी कुणावर बंदूक रोखली, सगळं आधी या खोलीत यायचं. इथून ते दोन्ही बाजूंच्या सैन्यांना कळवायचं, म्हणजे शेळीवरून लढाई होत नाही. शेळीवरून लढाई कशी होईल असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्याकडे येऊन एक उन्हाळा काढावा.

खोलीचे प्रमुख वर्षावर्षाला बदलत. कुणी फिनलंडचा, कुणी घानाचा, एक तर असा आला की त्याला समुद्राच्या आवाजानं झोप लागेना. येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात नवी पद्धत आणायचा आणि तिसऱ्या आठवड्यात म्हणायचा, "मिस इन्साफ, आधी कसं करायचे?" ती टंकलेखिका म्हणून बाविसाव्या वर्षी लागली. मग रेडिओवर बसली, मग नोंदवही तिच्याकडे आली, आणि चोवीस वर्षांनी, त्या शरदात, जुना प्रमुख गेला आणि नव्याचा व्हिसा कुठेतरी अडकला, तेव्हा वरच्यांनी नाइलाजानं तिला कार्यवाहक प्रमुख केलं. स्थानिक माणूस, त्यातून बाई, हे पहिल्यांदाच घडत होतं. वरचे लोक तिच्याकडे दूध उतू जाईल की काय अशा नजरेनं पाहत होते.

तिचा एक नियम होता. कुणी लादलेला नव्हे, तिनं स्वतःच घालून घेतलेला. खोलीत मी कुठल्याच गावची नाही, हा तो नियम. फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, आणि आपलं गाव, आपलं घर, आपली माणसंही त्याच कप्प्यात.

हा नियम तिनं एकदा असा पाळला की गावानं तिला माफ केलं नाही. २००६ च्या युद्धात ती चौतीस दिवस त्या खोलीत होती. एके सकाळी गस्तीकडून रेडिओवर आलं: कफ्र लोज, अकरा गोळे, तीन नागरिक मृत. कफ्र लोज म्हणजे तिचंच गाव. आई-बाप तिथेच होते. शेजारच्या टेबलावरचा अधिकारी म्हणाला, मी लिहितो, तुम्ही उठा. ती उठली नाही. "सहा चाळीस, कफ्र लोज, अकरा, तीन" असं तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि पुढच्या गावाचा संदेश घेतला. कोण गेलं हे तिला चार दिवसांनी कळलं. त्या तिघांत शेजारच्या अबू नज्मची बायको सलीमा होती. सलीमानं इन्साफला लहानपणी कडेवर खेळवलं होतं.

युद्ध थांबल्यावर ती गावी गेली तेव्हा अबू नज्म दारातच उभा होता. म्हणाला, "तुझ्या वहीत माझ्या सलीमाचं नाव आहे का गं?"

वहीत नावाचा रकानाच नव्हता. 

तेव्हापासून तो तिला बघितलं की एकच बोलायचा. ती गाडीतून उतरली की बाकावरून ओरडायचा, "लिहून घे, बाईसाहेब! आज बाकावर चार म्हातारे. जखमी कुणी नाही!" बाकीचे हसायचे. हसण्यात विष नव्हतं, पण मायाही नव्हती. लग्नाचं आमंत्रण यायचं ते आईच्या नावानं. सात वर्षं असंच चाललं. बाप मात्र सगळ्यांसमोर ठणकावून सांगायचा, "मला इन्साफचा बाप म्हणा." आमच्याकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. या माणसाला दोन मुलीच. कुणी भिडेनं काही दुसरं नाव घेतलं तर तो ओ द्यायचा नाही. अबू इन्साफ, म्हणजे इन्साफचा बाप, त्या वर्षी एप्रिलात गेला.

त्याची बावीस जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडं सरहद्दीला लागून होती. सरहद्दीची निळी रेषा दाखवायला शांतिसेनेनं ठिकठिकाणी निळी पिंपं रोवली आहेत. त्यातलं एक पिंप त्याच्या शेवटच्या झाडापासून चाळीस पावलांवर होतं. म्हातारा त्या पिंपाला सावलीत ठेवलेला पाहुणा म्हणायचा. अशा शेतात तोडणीला जायचं तर रीतसर यादी लागते. गावचा मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, सप्टेंबरात यादी करतो: कुठल्या दिवशी कुठला तुकडा, किती माणसं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. यादी खोलीत येते, खोली दोन्ही सैन्यांना कळवते, आणि मग माणसं काठ्या घेऊन झाडांवर चढली तर पलीकडचे त्यांना बंदुकवाले समजत नाहीत.

त्या सप्टेंबरात मुख्तार यादी घेऊन तिच्या घरी आला. कॉफी प्यायला, खाकरला आणि म्हणाला, "तुमचा एकतीस नंबरचा तुकडा पहिल्या दिवशी घालू ना?"

"नको, काका," इन्साफ म्हणाली.

"नको म्हणजे?"

"यादीवर यंदा माझी सही आहे. वर माझ्याच बापाचं शेत? लोक काय म्हणतील? राहू दे. यंदा गळून जाऊ दे जैतून."

मुख्तारानं आईकडे पाहिलं. आई, गावाची उम्म इन्साफ, कपातल्या गाळाकडे बघत होती. तिनं एवढंच म्हटलं, "झाडांना कसली सही कळते?"

आता रीत सांगायला हवी. कफ्र लोजमध्ये तोडणीचा पहिला दिवस मयताच्या घरचा. त्या वर्षी ज्या घरात माणूस गेलं, त्या घरच्या झाडांखाली अख्खं गाव जातं. कुणाचीही झाडं कितीही लदलेली असोत, आधी तिथे. आणि पहिली फांदी हलवायची त्या घरच्या थोरल्या लेकरानं. ते येईपर्यंत झाडाला कुणी बोट लावत नाही. इन्साफला हे ठाऊक नव्हतं असं कसं होईल? चांगलं ठाऊक होतं. पण गाव आपल्याही दारी येईल, हे तिच्या हिशेबातच नव्हतं. सात वर्षं बाकावरून टोमणे ऐकणाऱ्या बाईनं ते धरावं तरी कसं? तिनं निमूटपणे एकतीस नंबर खोडला, पहिल्या दिवसासाठी चौदा नंबर लिहिला आणि सही केली.

ऑक्टोबरातला तो पहिला दिवस उजाडला. सकाळी सातचा अहवाल गेला. सव्वाआठला गस्तीच्या गाडीवरून रेडिओ आला: "चौदा नंबर रिकामा. कुणी आलेलं नाही."

"झोपले असतील," मेजर ओपोकु म्हणाला. घानाचा हा मेजर सैनिकांच्या टेबलावर बसायचा आणि इन्साफच्या डब्यातल्या लबनेवर, म्हणजे घट्ट दह्यावर, तिच्याइतकाच हक्क सांगायचा.

"कफ्र लोजची माणसं पहिल्या दिवशी झोपत नाहीत," ती म्हणाली.

साडेआठला परत रेडिओ: "निळ्या पिंपाजवळ नागरिक. बेचाळीस. बायका, म्हातारे, मुलं. लांब काठ्या आहेत. हा तुकडा आजच्या यादीत नाही. पुन्हा सांगतो, यादीत नाही."

मेजरनं नकाशावर बोट ठेवलं. "एकतीस. कुठल्याच दिवसाच्या यादीत नाही हा. काय करताहेत ते?"

गस्तीवाला जरा गोंधळलेला वाटला. "काहीच नाही, सर. बसलेत. झाडांकडे तोंड करून नुसते बसलेत. तोडत नाहीत."

इन्साफच्या हातातला पेन थांबला. बाकीच्या खोलीला कळलं नाही, पण तिला त्याच क्षणी कळलं. ते कुणासाठी थांबलेत, ते कळलं. तोवर रेडिओ पुढे बोलत होता: "पलीकडे दोन गाड्या आल्या. सैनिक उतरलेत. भोंग्यावरून मागे हटा सांगताहेत. एका रणगाड्यानं तोंड इकडे वळवलंय."

नियम सरळ होता. यादीबाहेरची माणसं दिसली तर गस्तीनं त्यांना मागे घ्यायचं. मेजरचा हात रेडिओकडे गेलाच होता.

"थांबा," इन्साफ म्हणाली.

"मिस इन्साफ, तिकडे रणगाडा आहे."

"म्हणूनच थांबा. आपले सैनिक जाऊन उठा म्हणाले तर ते उठतील, आणि उठतील ते काठ्या घेऊन. मयताच्या झाडाखालून कफ्र लोजचा माणूस कुणाच्या सांगण्यावरून हलत नाही. भांडण होईल. चाळीस पावलांवर काठ्या वर झालेल्या दिसल्या की पलीकडचा पोरगा काय समजेल?"

मेजरनं हात मागे घेतला. "तुम्हाला इतकं कसं माहीत? कुणाचं शेत आहे हे?"

खोलीत तिघे-चौघे होते. पोलिसांच्या टेबलावरचा टाइप करायचा थांबला. चोवीस वर्षांत जे वाक्य त्या खोलीत उच्चारलं गेलं नव्हतं ते उच्चारायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"माझ्या वडिलांचं."

 मग तिनं टेबलावरचा फोन ओढला. त्या फोनवरून तिनं आजवर घरी एकही फोन केला नव्हता. बाप शेवटच्या आजारात असतानाही नाही. तेव्हा बाहेर कप्प्यापाशी जाऊन स्वतःच्या फोनवरून बोलायची.

"आई."

"कोण? हा कुणाचा नंबर?"

"मी. खोलीतून बोलतेय."

 आई म्हणाली, "मग जगबुडी आली असेल."

"आई, ऐक. काठ्या खाली ठेवायला सांग सगळ्यांना. आडव्या. झाडामागे ठेवा. आणि चादरी अंथरा, पांढऱ्या, आणि त्यावरच बसा. पिंपाच्या बाजूला कुणी जायचं नाही, मुलांना मांडीवर घ्या."

"बसलोच आहोत की. नाचतोय का आम्ही? तो भोंगेवाला ओरडतोय मघापासून, अबू नज्म म्हणतो घसा बसेल बिचाऱ्याचा."

"अबू नज्म?" ती म्हणाली. "तो आलाय?"

"कोण नाही आलं ते विचार. मुख्तार घरोघर सांगत फिरला की एकतीस यादीत नाही, जाऊ नका. अबू नज्म म्हणाला, यादी यादीच्या जागी, रीत रीतीच्या जागी. पहाटे सगळ्यांना त्यानंच उठवलं."

इन्साफनं डोळे मिटले. मग उघडले, कारण नकाशा समोरच होता. "आई, मी येईपर्यंत कुणी उठायचं नाही. झाडाला हात लावायचा नाही. मला वेळ लागेल. दोन तास, तीनही लागतील."

"हे तू सांगायचं?" आई फणकारली. "रीतच आहे ती. तुझ्याशिवाय कोण हात लावणार आहे? ये तू सावकाश. कॉफी आहे."

तिनं फोन ठेवला आणि मेजरला म्हणाली, "ते बसून राहतील. दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत. मी येत नाही तोवर एक माणूस हलणार नाही. गस्तीला सांगा, गाडी त्यांच्यात आणि पिंपात आडवी लावा आणि हेल्मेट काढून कॉफी प्या त्यांच्याबरोबर. नाही म्हणू नका म्हणावं, अपमान होतो."

मग तिनं दोन्ही सैन्यांसाठी संदेश लिहायला घेतला. असे संदेश तिनं हजारोंनी लिहिले असतील. हा मात्र तिला जड गेला. तुकडा एकतीस. बेचाळीस नागरिक, निःशस्त्र, बसलेले. जैतुनाची तोडणी, गावच्या रिवाजाप्रमाणे या वर्षी मृत झालेल्या शेतमालकाच्या कुटुंबासाठी. आजच्या दिवसापुरती परवानगी मागत आहोत. आणि शेवटी तिनं एक वाक्य घातलं: हा तुकडा यादीतून केंद्राच्या कार्यवाहक प्रमुखानं वगळला होता; चूक नागरिकांची नाही.

मेजरनं वाचलं. "हे शेवटचं वाक्य हवंच का? वरचे वाचतील. ते वाटच बघताहेत."

"खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग पाठवा."

संदेश गेला आणि वाट बघणं सुरू झालं. या धंद्यात निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं, पण ते दुसऱ्यांच्या माणसांसाठी. आपल्या आईसाठी वाट बघताना घड्याळाचा काटा कसा चालतो ते तिला त्या दिवशी समजलं. सव्वानऊला रणगाडा तसाच. पावणेदहाला पलीकडून एक धुराचा गोळा सुटला, पिवळा, आणि पिंपाजवळ पडला. रेडिओवर खोकल्याचा आवाज. इन्साफ खुर्चीतून अर्धी उठली.

"कुणी उठलं?" तिनं स्वतःच रेडिओ हातात घेऊन विचारलं.

"नाही, मॅडम." गस्तीवाल्याचा आवाज आता बराच घरगुती झाला होता. "एक म्हातारा मोठ्यानं काहीतरी म्हणाला आणि सगळे हसले. कुणी उठलं नाही. मॅडम, तिसरा कप दिलाय मला. काय करू?"

"घे. कप हलवून परत दे, नाहीतर चौथा येईल."

अकरा वाजून वीस मिनिटांनी उत्तर आलं. बारा ते तीन. फक्त त्या बावीस झाडांपुरतं, फक्त आज. रणगाड्यानं तोंड फिरवलं. खोलीत पोलिसांच्या टेबलावरच्या माणसानं टाळी वाजवली आणि लगेच लाजला.

इन्साफनं वेळ नोंदवली. मग पुढचं पान उलटलं आणि बसून राहिली. तिची पाळी दोनला संपणार होती. गावाला पोचायला पाऊण तास. मधल्या वेळात खोली सोडायची कशी? प्रमुख कोण मग? तीच तर. तिनं फोनकडे हात नेला. आईला सांगणार होती की रीत मोडा, माझ्याशिवाय सुरू करा.

मेजर ओपोकुनं तिच्यापुढून नोंदवही ओढून घेतली.

"मिस इन्साफ, नियमाचं काय?" तो म्हणाला. "ज्या प्रकरणात स्वतःचं घर गुंतलंय, ते प्रकरण त्या माणसानं हाताळायचं नाही. तुम्हीच मला शिकवलंय, पहिल्या आठवड्यात. एकतीस नंबर तीनपर्यंत उघडा आहे. तोवर तुम्ही या खोलीत बसणं नियमात बसत नाही. जा."

"मेजर..."

"जा म्हणतो ना. आणि येताना लबने आणा."

ती गेली. कप्प्यातला फोन घ्यायलाही विसरली.

एक वाजायच्या आत ती शेताच्या बांधावर होती. गळ्यात शांतिसेनेचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. ते तिनं काढून खिशात घातलं. चादरींवर माणसं बसली होती, आणि त्यांच्यात दोन घानाचे सैनिक, एकाच्या मांडीवर कुणाचं तरी पोर झोपलेलं. सात वर्षांत यातले निम्मे तिच्याशी धड वाक्यही बोलले नव्हते. आता सगळे तिच्याकडे पाहत होते. आईनं तिला हाताला धरून बापानं लावलेल्या पहिल्या झाडापाशी नेलं. सगळ्यांनी तळवे उघडून फातिहा म्हटली. मग इन्साफनं फांदी धरली आणि हलवली.

जैतून चादरीवर पडले, टपटप, आणि त्या आवाजासरशी बेचाळीस माणसं एकदम उठली. काय ती गडबड! "ती शिडी इकडे!" "अगं फांद्या मोडू नको, तुझ्या सासऱ्याच्या आहेत का?" "कुणाचा पाय आहे हा चादरीवर?" दोन तासांत बावीस झाडं. इन्साफ तोडत होती आणि रडत होती, दोन्ही उघड्यावर. पुसायला हात रिकामा नव्हता.

पावणेतीनला पोती बांधून झाली. बांधाच्या तोंडाशी गस्तीतला सैनिक जाणाऱ्यांची मोजणी करत होता, नियमाप्रमाणे. अबू नज्म त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता. सत्तरीचा माणूस, दाढीत पानं अडकलेली. माणसं एकेक करून खाली उतरत गेली. आई गेली. सगळ्यांच्या मागे इन्साफ होती.

"बेचाळीस," सैनिक रेडिओवर म्हणाला. "सगळे परत. सुखरूप."

"थांब रे," अबू नज्म म्हणाला. त्यानं इन्साफकडे पाहिलं, नेहमीसारखं, एक डोळा बारीक करून. ती टोमण्याची वाट बघत उभी राहिली. तिला सवय होती.

"चुकलं तुझ्या माणसाचं," तो म्हणाला. "लिहून घे, पोरी. कफ्र लोजची त्रेचाळीस. तुला धरून."